कोसाड ते पोंक नगर : दोघांनी वाटून खायची संध्याकाळ

जेवणाच्या टेबलावर चार-पाच छोट्या डिश मधोमध मांडायच्या आणि दोघांनी मिळून संपवायच्या, ही पद्धत आपल्याकडच्या महागड्या रेस्टॉरंटांत आता चांगली रुळली आहे. कुलाब्यातलं ‘द टेबल’ २०११ मध्ये सुरू झालं, लोअर परळच्या कमला मिल्समधलं ‘द बॉम्बे कॅन्टीन’ २०१५ मध्ये. सुरतेतही डुमस रोडला दिव्यांनी झगमगणारी हॉटेलं कमी नाहीत. पण हिवाळ्यात सुरतेला असाल आणि जिवाभावाच्या माणसाला घेऊन जेवायला बाहेर पडणार असाल, तर माझं मत ठाम आहे. ठेवणीतले कपडे घाला आणि अडाजणला, सरदार पुलाजवळच्या पोंक नगरला जा. दोघांनी एका ताटलीत खाण्यासारखं तिथल्या पोंकाहून देखणं काही या शहरात नाही.

निघायचं कोसाडहून. मुंबई-वडोदरा मार्गावर सुरत सोडलं की तापी ओलांडून उत्राण आणि लगेच कोसाड लागतं. कालपरवापर्यंत हे गावच होतं. २००६ च्या हद्दवाढीत ते महापालिकेत आलं, मग घरकुल योजनेच्या इमारतींची मोठी वसाहत उभी राहिली, आणि आज कारखान्यात, यंत्रमागावर, हिरे घासायच्या घंटीवर राबणारी माणसं इथे राहतात. इथे दोघांच्या निवांत जेवणासाठी महागडं हॉटेल शोधण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा दुचाकी काढावी. नदी न ओलांडता वरियाव, जहांगीरपुरा, रांदेर करत अडाजण गाठता येतं.

वाटेतल्या रांदेरला घाईने मागे टाकू नका. एके काळी हे भरभराटीचं बंदर होतं. इथले व्यापारी रंगूनपर्यंत जाऊन राहिले आणि येताना तिथलं खाणं घेऊन आले. रांदेरचा ‘खावसा’ तो हाच : नूडल्सवर नारळाच्या दुधाची आमटीसारखी पातळ करी आणि वरून कुरकुरीत तळलेलं काहीबाही. रांदेरी आलू-पुरीही इथलीच. छोट्या पुऱ्यांवर बटाट्याचा रस्सा आणि आंबट चटणी. दोघांत एकच प्लेट घ्या, पोटात पोंकासाठी जागा ठेवायची आहे.

पोंक म्हणजे ज्वारीचा कोवळा हिरवा दाणा, आपला हुरडाच. पण सुरतकरांनी त्याचं जे केलं आहे ते बघण्यासारखं आहे. मोसमात स्टॉलच्या मागे भट्ट्या पेटलेल्या असतात. कणसं गरम राखेत खुपसतात, भाजली की फडक्यात गुंडाळून काठीने झोडपतात, मग दाणे पाखडून कोंडा उडवतात. हे उभं राहून बघावं. धुराचा आणि ओल्या हिरव्या दाण्याचा असा मिसळलेला वास भट्टीपाशीच येतो. दाणा पोपटी, मऊ, किंचित गोडसर, आणि भाजल्याची जेमतेम चाहूल.

ताटलीत मधे पोंक, बाजूला शेव. लिंबू-मिऱ्याची वेगळी, लसणाची वेगळी. सोबत साखरेचे दाणे. पहिला घास नुसत्या पोंकाचा घ्यावा, दुसऱ्यात लिंबू-मिऱ्याची शेव मिसळावी, मग ज्याला जसं हवं तसं. एकाला तिखट आवडतं, दुसऱ्याला गोड. ताटली एकच असली तरी प्रत्येक घास आपापला. नंतर गरम पोंक वडे मागवायचे. बाहेरून कुरकुरीत, आत दाणे अख्खेच लागतात. वर थंड ताक. गुजरातेत दारूबंदी असल्याने वाइनचा प्रश्नच नाही, आणि मला हे बरंच वाटतं. संध्याकाळचा सगळा भार मग खाण्यावर आणि बोलण्यावर येतो, आणि पोंक तो सहज पेलतो.

‘सुरतेचं जेवण आणि काशीचं मरण’ ही म्हण गुजरातेत सर्वांच्या तोंडी आहे. मला त्यातली खरी सुरत एकत्र बसून खाण्यात दिसते. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, सुरतकर रस्त्याकडेला चटया टाकून घारी आणि फरसाण मिळून खातात. श्रीमंत-गरीब सगळेच.

सुरतेतल्या लिंबायत, उधना, डिंडोलीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या खानदेशी कुटुंबांना पोंकाच्या ताटलीचं अप्रूप वेगळंच. भुसावळकडून वाहत आलेली तापीच इथे समुद्राला मिळते, आणि गावी शेतात बसून खाल्लेल्या हुरड्याची चव त्यांना इथे पुलाशेजारी भेटते. फक्त गावाकडे सोबत शेंगदाण्याची चटणी असते, इथे शेव.

जाण्याआधी एवढं लक्षात ठेवा. मोसम डिसेंबर ते फेब्रुवारी, थंडी जशी पडेल तसा थोडा मागेपुढे. रविवारी संध्याकाळी गर्दी फार. दोघांना निवांत बोलायचं असेल तर आठवड्यातला मधला दिवस बरा. पोंक जास्तीचा बांधून घेऊ नका, दुसऱ्या दिवशी दाणा निबर होतो आणि गोडी जाते. घरच्यांसाठी न्यायचीच असेल तर शेव न्या, दोन्ही प्रकारची.