गाडी एक, रस्ते दोन

महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या माणसाने मोटारगाडीवर का बोलावे, असे तुम्ही विचाराल, आणि ते विचारणे रास्तच आहे. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी आईला घेऊन घरी आला, आणि फराळाच्या बशीवरून जे बोलणे निघाले ते तुमच्याही उपयोगी पडेल असे मला वाटते. मुलगा पुण्यात एका कारखान्यात आहे. पगार बरा, डोक्यावर घराचे कर्ज. आई कोल्हापुरात. चकलीचा तुकडा मोडता मोडता त्या माउलीने विषय काढला, "सर, आता तुम्हीच ह्याला काहीतरी सांगा. गाडी घ्यायची म्हणतोय, आणि ती घेऊन मद्रासला शर्यतीत पळवायची म्हणतोय." "शर्यत नाही गं आई, ट्रॅक-डे," मुलगा म्हणाला.

हा फरक प्रथम समजून घेतला पाहिजे. शर्यतीत पहिला कोण, दुसरा कोण हे ठरायचे असते. ट्रॅक-डे म्हणजे शर्यतीचा मार्ग एका दिवसापुरता हौशी लोकांना मोकळा करून देणे. आपलीच नेहमीची गाडी न्यायची, शिरस्त्राण घालायचे, पंधरा-वीस मिनिटांच्या पाळीने फेऱ्या मारायच्या. ओलांडून जायचे ते सरळ पट्ट्यावर, आणि तेही पुढच्याने खूण केल्यावर. समोरून कोणी येत नाही, गाय आडवी येत नाही, पोलीस शिट्टी मारीत नाही. इंग्लंड-जर्मनीत ही हौस चांगली मुरलेली आहे. जर्मनीतला न्यूरबुर्गरिंगचा सुमारे एकवीस किलोमीटरांचा जुना मार्ग १९२७ पासून सामान्य माणसाला पैसे भरून वापरता येतो. आपल्याकडे इरुंगट्टुकोट्टईचा मद्रासचा मार्ग, कोइमतूरजवळचा एस. करिवर्धन यांच्या नावाचा कारी मोटर स्पीडवे आणि २०११ साली सुरू झालेला ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, ही या हौसेची ठिकाणे.

मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब ही संस्था १९५३ ची. पूर्वी त्यांच्या शर्यती शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर होत, पुढे १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा मार्ग झाला. लांबी पावणेचार किलोमीटरांना थोडी कमी, वळणे बारा. आणि गंमत पाहा, हा मार्ग आपल्याच हमरस्त्यावर आहे! कोल्हापूरच्या शिरोलीच्या नाक्यावरून जो राष्ट्रीय महामार्ग ४८ जातो, तोच बेळगाव, हुबळी, बंगळूर, वेल्लोर करीत थेट त्या दारावरून पुढे जातो. अंतर मात्र सव्वानऊशे किलोमीटरांच्या आसपास. या आकड्यातच सारी मेख आहे. ज्यांच्याकडे पैसा आहे ते निराळी गाडी ठेवतात आणि ती ट्रकवर लादून नेतात. आपल्यासारख्याला ज्या गाडीने जायचे, तिनेच दिवसभर फेऱ्या मारायच्या, आणि तिनेच परत यायचे. सोमवारी पुन्हा तिच्यातूनच आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यायचे.

म्हणून मी त्या मुलाला पहिला प्रश्न विचारला तो इंजिनाचा नव्हता. "विम्याचा कागद वाचला आहेस का?" तो म्हणाला, "सर, फुल इन्शुरन्स आहे की!" आपल्याकडच्या खासगी मोटारीच्या विमापत्रात वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. भाड्याने देणे जसे त्यात वगळलेले, तशाच संघटित शर्यती, वेगाच्या चाचण्या आणि टिकाऊपणाच्या चाचण्याही वगळलेल्या. ट्रॅक-डे ही शर्यत नव्हे असा युक्तिवाद तुम्ही कराल, पण तो विमा कंपनीने मानावा ही अपेक्षा धरून घराबाहेर पडू नये. तिथे गाडी कठड्याला लागली तर खर्च आपला, आणि कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला हजर. तेव्हा निवडीचे पहिले सूत्र माझ्या मते हे: जी गाडी उद्या मोडून पडली तर आपले घर मोडणार नाही, तीच गाडी घ्यावी. दहा लाखांची ऐपत असेल तर सहा लाखांची गाडी घ्या आणि उरलेले पैसे टायर, ब्रेक आणि नशीब यांच्यासाठी बाजूला ठेवा.

आता ब्रेककडे वळू. इथे जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण गाडी पाहायला गेलेला माणूस पिकअप विचारतो, अ‍ॅव्हरेज विचारतो, ब्रेकविषयी सहसा विचारीत नाही. ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारे यंत्र. एक हजार किलोची गाडी ताशी साठवरून थांबवली तर जेवढी उष्णता निघते तेवढीने अर्धा लिटर पाणी उकळीला येईल. हे गावातले रोजचे काम. तीच गाडी मद्रासच्या सरळ पट्ट्यावरून ताशी दीडशेने आली आणि वळणासाठी सत्तरवर आणली, तर चार-पाच सेकंदांत सव्वादोन लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता निघते. त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर पडतो. फेरीत असे दमदार ब्रेक बरेचदा, आणि वीस मिनिटांत आठ-नऊ फेऱ्या. मध्ये निवायला सवड नाही.

आता जास्त जोरदार गाडी घेऊ. वजन तेराशे किलो, इंजिन तगडे, म्हणून त्याच पट्ट्याच्या शेवटी वेग दीडशेऐवजी पावणेदोनशे. वजन तीस टक्क्यांनी वाढले, वेग सतरा टक्क्यांनी. पण वेगाचा वर्ग होतो ना! सत्तरवर येईपर्यंत निघणारी उष्णता साडेचार लिटरांच्या घरात जाते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. मग त्या गाडीचे ब्रेक दुप्पट मोठे आहेत का, हा प्रश्न विचारायचा. बहुतेक वेळा नसतात. कंपनीने ते रस्त्यासाठी बसवलेले असतात, आणि रस्त्याला ते पुरतातही. लोटसच्या कॉलिन चॅपमन यांनी आयुष्यभर गाडी हलकी करण्याचा ध्यास घेतला, आणि त्यांच्या पश्चात १९९६ साली आलेली लोटस एलिस सातशे किलोंच्या थोडी वर होती, यामागचे गणित असे शाळकरी आहे.

उष्णतेचा दुसरा बळी म्हणजे ब्रेक ऑइल. आपण ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हे. ते हवेतली वाफ शोषून घेणारे द्रव्य आहे. डब्यावर डॉट ३, डॉट ४ असे लिहिलेले असते. नवे असताना डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत आणि डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पाणी मुरले की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. उकळले की आत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते, आणि पाय नुसता खाली जातो.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. २०१८ मध्ये मी स्वतः तिथे गेलो होतो. पाचव्या फेरीत सरळ पट्ट्याच्या शेवटी पेडल दाबले, ते लोण्यात सुरी जावी तसे तळाला गेले. दोन-तीनदा पटापट पंप केले, गिअर खाली टाकला, तरी गाडी मार्ग सोडून बाहेरच्या मातीत गेली. मला काही झाले नाही, गाडीची पुढची जाळी तेवढी फुटली. पण त्या अर्ध्या सेकंदात माझ्या मनात काय आले ते मी अजून घरी सांगितलेले नाही. गाडीचा दोष नव्हता. ब्रेक ऑइल तीन वर्षांचे होते, कोल्हापूरचे तीन पावसाळे त्यात मुरले होते, आणि जाण्यापूर्वी ते बदलावे एवढी अक्कल मला नव्हती. मेस्त्रीने नंतर ते काढून दाखवले, चहाच्या रंगाचे. खर्च काही शे रुपयांचा होता.

ब्रेक पॅडचेही तसेच. नेहमीचे पॅड फार तापले की धरत नाहीत. निव्वळ शर्यतीचे पॅड तापल्यावरच नीट धरतात, म्हणजे सकाळी थंड गाडी घेऊन चौकात आलात की तेच पंचाईत करणार! आपल्याला मधले घ्यावे लागतात. ते थोडे जास्त टिकतात, आणि थंड असताना थोडे किंचाळतात. शेजारी विचारतात, सांगावे काहीतरी.

टायरविषयी एवढेच म्हणतो की गाडीला जी काही पकड आहे ती तळहाताएवढ्या चार जागांवर आहे. गाडी पसंत करताना त्या मापाचा चांगला टायर बाजारात सहज आणि परवडेल अशा भावात मिळतो का ते पाहा. अठरा इंची चाकांची ऐट दुकानात बरी दिसते. मद्रासच्या उन्हात वर्षातून चार-पाच दिवस फेऱ्या मारणाऱ्याने पंधरा-सोळा इंची चाकाची गाडी घेतली तर त्याचा खिसा दुवा देईल.

उंच गाड्यांची सध्या चलती आहे. त्यांचे मी वाईट बोलत नाही, आमच्या रस्त्यांवर त्या सोयीच्याच आहेत. पण ब्रेक दाबला की मागचे वजन पुढे झुकते, वळले की आतले बाहेर, आणि वजनाचा मध्य जितका उंच तितके हे झुकणे जास्त. ज्या चाकावरून वजन गेले त्याची पकड गेली. विजेच्या गाडीत बॅटरी तळाशी असल्याने मध्य खाली राहतो, पण एकूण वजन फार, बॅटरी तापते, आणि चार पाळ्या झाल्यावर सव्वानऊशे किलोमीटर परतीचे आहेतच.

काही बारीक गोष्टी दुकानात कोणी सांगत नाही. शिरस्त्राण घेऊन दुकानात जा आणि ते घालून गाडीत बसून पाहा. लोक हसतील, हसू द्या. छताला उघडती काच असली की डोक्यावरची जागा कमी होते, आणि उंच माणसाचे शिरस्त्राण छताला टेकते. टेकले की मान वाकडी करून दिवसभर चालवणार कसे? आपोआप गिअर बदलणाऱ्या काही गाड्यांत कोरडा दुहेरी क्लच असतो. तो चौकातल्या गर्दीत जसा तापतो तसा इथेही तापण्याचा संभव. साधा हातगिअर बरा. घसरण सावरणारी विजेची यंत्रणा असलेली गाडी घ्या, आणि पहिली दोन वर्षे ती बंद करायच्या भानगडीत पडू नका. लांब वळणात इंजिनचे तेल एका बाजूला चढते आणि पंपाला हवा ओढावी लागते, म्हणून तेल वरच्या खुणेला ठेवा. आणि सायलेन्सर बदलून मोठा आवाज काढणाऱ्यांना आठवण करून देतो, की मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही. परतीच्या वाटेवर चार राज्यांचे नसले तरी तीन राज्यांचे पोलीस आहेत.

"पण सर, नाव सांगा ना गाडीचं," मुलगा म्हणाला. सांगतो. परदेशात असता तर माझदाची १९८९ पासून निघणारी एमएक्स-५ घे म्हटले असते. ती या कामासाठी जगभर वापरतात, पण तिच्यात दोनच माणसे बसतात. गोल्फ जीटीआय २०२५ मध्ये आपल्याकडे आली, ती पन्नास लाखांच्या पुढे. आपल्या आवाक्यात स्विफ्ट आहे. वजन नऊशे किलोंच्या आसपास, सुटे भाग गावोगाव. वेग बेताचा, आणि नवशिक्याला तोच हवा. थोडा जोर हवा तर टर्बो इंजिनाची जुनी पोलो. तिचे उत्पादन आपल्याकडे २०२२ मध्ये थांबले, पण २०१० पासून पोलोच्या स्वतंत्र शर्यती इथे झाल्या आहेत, त्यामुळे तिच्यात काय दुखते आणि कशाने बरे होते ते जाणणारे मेस्त्री आहेत. जुनी गाडी घेताना मात्र शिवाजी उद्यमनगरातल्या जाणत्या माणसाला पोटाखाली घालून पाहायला सांगावे. रंग-पॉलिश बघून घेऊ नये.

त्याची आई इतका वेळ ऐकत होती. तिने एकच विचारले, "मागं बसायला पाय लांब होतात का?" मी म्हटले, "वहिनी, दुकानात तुम्ही आधी बसा. तुम्हाला जमलं तरच ती गाडी."

मुलाने जुनी पोलो घेतली. ब्रेक ऑइल डॉट ४, नवे, माझ्यासमोर घातले. फेब्रुवारीत तो गेला, आणि संध्याकाळी मार्गाच्या फाटकावरून त्याचा फोन आला. स्वर असा की बारावीचा निकाल लागला असावा. मी विचारले, "टायरमध्ये हवा किती?" म्हणाला, "सकाळी तीस पाउंड होती सर, तापून सदतीस झाली, म्हणून काढून एकतीसवर आणली. गाडी मस्त चिकटून चालली." "मग आता निवल्यावर ती पंचविसाच्या घरात येईल. सामान भरून, रात्री, हमरस्त्याच्या वेगाने? आधी पंप गाठ, टायर निवू दे, हवा भर, आणि वेल्लोरला मुक्काम कर."

परवा संध्याकाळी त्याच्या आईचा फोन होता. "पोचला हो सर. पण गाडी दारात थांबताना किंचाळते, ते बरोबर आहे ना?"