घरी शिकलेल्या लेकीची कामाची फाईल

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक आठवीनंतर घरीच शिकली, कारण हायस्कूल लांब होतं. दहावी-बारावी तिने राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून दिली. तिथे एकदा नाव नोंदवलं की ५ वर्षांत ९ वेळा परीक्षेला बसता येतं. आता कॉलेजच्या अर्जात 'पोर्टफोलिओ जोडा' असं आलं. ताई रडवेल्या झाल्या. "शाळेतच गेली नाही, तर दाखवायचं काय?"

पोर्टफोलिओ म्हणजे केलेल्या कामाची फाईल. सगळी कॉलेजं ती मागत नाहीत. डिझाइन, कला अशा विषयांची काही मागतात. बारावीचं प्रमाणपत्र लागतंच. पण गुणपत्रिकेत न दिसणारी मेहनत या फाईलमध्ये दिसते.

लेकीने पावसाळाभर पाऊस मोजला होता. साधन काय, तर सरळ कडांचा डबा आणि पट्टी. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर १ लिटर पाणी. त्यांचं छप्पर ३० चौरस मीटरचं. २० मिलिमीटर पाऊस झाला, की छपरावर ६०० लिटर पाणी पडतं. हा हिशेब मांडून तिने पागोळ्यांखाली पिंप ठेवलं. मग दाखवायला काही नाही कसं?

फाईलमध्ये आम्ही पाच गोष्टी लावायला सांगितल्या: काम का हाती घेतलं, तारीखवार नोंदी, फोटो किंवा हाताने काढलेलं चित्र आणि त्याखाली दोन ओळी, काय चुकलं, आणि कोणाची मदत झाली.

सुरुवातीला डबा कडुलिंबाखाली होता. फांद्यांमुळे माप चुकत होतं, म्हणून तिने तो मोकळ्यावर हलवला. ताई म्हणाल्या, "ती पानं काढून टाक." आम्ही म्हटलं, राहू द्या. चूक ओळखून सुधारली, हेच तर शिकणं.

चुलतभाऊ सगळं सुबक लिहून द्यायला तयार होता. तेही आम्ही नको म्हटलं. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, की दुसऱ्याने लिहिलेलं उघडं पडतं. भाषा साधी असू दे, पण तिची असू दे.

अर्ज गेला आहे, उत्तर यायचंय. पण ताई आता "काही नाही" म्हणत नाहीत.

तुमची लेक शिवण, रोपवाटिका, शेळ्या, काहीही करत असेल, तर आजच एक वही द्या. पहिल्या पानावर आजची तारीख घालायला सांगा.