खुर्ची मोठी नको, मापाची हवी

नवे बूट घेताना आपण ते पायात घालून पाहतो. लहान बूट चावतो, मोठा निसटतो. मग दिवसाचे आठ-दहा तास जिच्यात काढायचे ती चाकांची खुर्ची माप न घेताच का बरे आणली जाते? अंगाने मोठ्या माणसाच्या बाबतीत तर ही चूक फार महागात पडते.

समजा, तुमच्या मावशींचे वजन १३० किलो आहे आणि पायांतील शक्ती गेल्यामुळे त्यांना अशी खुर्ची हवी आहे. दुकानात सर्रास मिळणाऱ्या खुर्चीची बैठक सुमारे ४६ सेंटीमीटर, म्हणजे १८ इंच रुंद असते आणि ती साधारण १०० ते ११५ किलो भार पेलते. मावशी तिच्यात कशाबशा मावतील. पण मावणे म्हणजे नीट बसणे नव्हे. दोन्ही बाजूंचे पत्रे त्यांच्या मांड्यांवर सतत दाबत राहतील. त्वचेतील केशवाहिन्यांमध्ये रक्ताचा दाब फार थोडा असतो. बाहेरचा दाब त्याहून वाढला, की तेथील रक्तप्रवाह अडतो, पेशींना प्राणवायू मिळत नाही आणि काही तासांतच जखमेची सुरुवात होऊ शकते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना होतात तीच ही शय्याव्रणे. पायांतील संवेदना गेली असेल, तर जखम झाल्याचे कळतही नाही.

मग सर्वांत मोठी खुर्ची आणावी का? तेही चूकच. फार रुंद खुर्चीत माणूस एका अंगाला कलतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे तुम्ही शिकला आहात. दोन्ही बैठकहाडांवर विभागला जाणारा भार एकाच हाडावर आला, की तेथील दाब किती वाढेल? शिवाय चाके दूर गेल्यामुळे ती फिरवताना खांदे दुखू लागतात.

म्हणून माप घ्यावे. ते उभ्याने नव्हे, तर बसवून. कारण बसल्यावर मांड्या पसरतात. कठीण, सपाट बाकावर माणसाला ताठ बसवा. दोन्ही बाजूंना एकेक पुस्तक उभे धरा आणि पुस्तकांमधील अंतर मोजा. ही झाली बैठकीची रुंदी. आता पाठीमागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत मोजा आणि त्यातून तीन ते सहा सेंटीमीटर वजा करा. ही झाली खोली. गुडघ्याच्या खळगीपासून टाचेपर्यंतच्या अंतरावरून पाय ठेवण्याच्या पाटाची उंची ठरते. मावशींची रुंदी ५६ सेंटीमीटर भरली असे धरू.

मग साधीच खुर्ची वेल्डिंगवाल्याकडून दहा सेंटीमीटर रुंद करून घेतली तर? एक प्रयोग करा. लाकडी पट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवून तिच्या मध्यावर वजन ठेवा. आता पुस्तके थोडी दूर सरकवा. पट्टी कितीतरी अधिक वाकेल! हा वाक भाराच्या प्रमाणात, पण टेकूंमधील अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ४६ चे ५६ झाले म्हणजे अंतर १.२२ पट झाले. त्याचा घन १.८. भार १०० किलोऐवजी १३०, म्हणजे १.३ पट. गुणाकार करा : २.३! खुर्चीचा सांगाडा पट्टीइतका साधा नसतो. पण रुंदी वाढली की सांगाडाही मजबूत हवा, हे त्यावरून कळते.

घडीच्या खुर्चीत बैठकीखाली नळ्यांची फुली असते. ही रचना १९३३ साली अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या दोघांनी रूढ केली. खाणीतील अपघातात जायबंदी झालेल्या एव्हरेस्ट यांना मोटारीत ठेवता येईल अशी खुर्ची हवी होती. जड माणसांसाठीच्या खुर्च्यांत बहुधा अशी फुली दुहेरी असते. भारमर्यादाही नेमकी १३० किलोची घेऊ नये. माणूस धपकन बसतो किंवा खुर्ची खड्ड्यात आदळते, तेव्हा क्षणभर वजनाहून अधिक बल पडते.

आता गुरुत्वमध्याकडे वळू. पोट मोठे असले, की शरीराचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो. पाठीमागचे मांस पाठटेकूला लागून माणूस आणखी पुढे ढकलला जातो. मग भार मोठ्या चाकांऐवजी पुढच्या लहान चाकांवर येतो. लहान चाक प्रत्येक खळग्यात रुतते, म्हणून खुर्ची ढकलणे जड जाते. उपाय असा, की मोठ्या चाकांचा आस थोडा पुढे घ्यायचा. मात्र तो फार पुढे गेला, तर खुर्ची मागे कलंडते. म्हणून हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

शेवटचे माप घराचे! खुर्चीची एकूण रुंदी बैठकीपेक्षा सुमारे २० सेंटीमीटर अधिक धरा. मावशींची खुर्ची ७६ सेंटीमीटर झाली आणि न्हाणीघराचे दार ७५ चे निघाले, तर? येथे अरुंद खुर्ची घेण्याचा मोह होतो. पण दार रुंद करता येते; माणूस अरुंद करता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २००८ आणि २०२३ सालच्या आपल्या मार्गदर्शनात खुर्ची व्यक्तीला आणि तिच्या परिसराला साजेशी असावी यावर भर दिला आहे. माप चुकले, की माणूस हळूहळू घराबाहेर पडणेच सोडून देतो, आणि लोक म्हणतात, “वजनामुळे त्यांना जमत नाही.” खरे तर तेथे चुकलेली असते ती खुर्ची.

उद्या टेप घेऊन आपल्या वर्गाचे, ग्रंथालयाचे आणि स्वच्छतागृहाचे दार मोजा. मावशी तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला येऊ शकतील का?