जगज्जेत्यासमोर ए६

स्वीडनमधील स्कारा, १९८०. युरोपियन सांघिक बुद्धिबळ स्पर्धेत जगज्जेता अनातोली कार्पोव्हने राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले. समोर इंग्लंडचा टोनी माइल्स. त्याने कडेचे प्यादे जेमतेम एक घर पुढे केले: ए६. पुढच्या चालीला बी५. पटाचा मध्य सोडून कडेची प्यादी ढकलू नयेत, हा तर नवशिक्यांचा पहिला धडा! प्रेक्षकांत हशा पिकला. ४६ चालींनंतर डाव सोडला तो कार्पोव्हने.

माइल्सच्या चाली विक्षिप्त दिसल्या, तरी त्यांमागे योजना होती. बी७ वरचा उंट आणि एफ६ वरचा घोडा या दोघांचा रोख ई४ वरच्या प्याद्यावर होता. सहाव्या चालीला सी५ खेळून त्याने मध्यावरच घाव घातला. पुढे कार्पोव्हने काळ्या राजावर चढाई केली, पण ती फसली. तेवढ्यात माइल्सच्या वजिराने लागोपाठ दोन चालींत बी२ आणि ई५ वरची प्यादी टिपली. कार्पोव्हला त्या बदल्यात एकच प्यादे मिळाले.

अव्वल खेळाडूंच्या सुरुवातीच्या कित्येक चाली घरीच पक्क्या झालेल्या असतात. त्यामागे सहकाऱ्यांची आणि आता संगणकाचीही मेहनत असते. अनोळखी ओपनिंग समोर आली की ही सारी तयारी बाजूला पडते. एकाने घरी निवांत सोडवलेले प्रश्न दुसऱ्याला घड्याळ चालू असताना सोडवावे लागतात.

त्यासाठी चाल विचित्रच हवी असे नाही. १९९५ मध्ये रिगा येथे गॅरी कास्पारोव्हने विश्वनाथन आनंदविरुद्ध एव्हान्स गॅम्बिट काढला. कॅप्टन एव्हान्स यांनी एकोणिसाव्या शतकात शोधलेले हे ओपनिंग अव्वल स्पर्धांतून जवळपास हद्दपार झाले होते. एक प्यादे देऊन वेग मिळवणाऱ्या कास्पारोव्हने २५ चालींत डाव जिंकला.

पाच वर्षांनी लंडनच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत तोच कास्पारोव्ह कोंडीत सापडला. व्लादिमीर क्रॅमनिकने बर्लिन बचाव निवडला. त्यात आठव्या चालीलाच वजिरांची मारामारी होते आणि काळ्याला कॅसलिंगचा हक्क गमवावा लागतो. पण पटावर वजीरच नसल्याने कास्पारोव्हच्या आक्रमणाला धार येईना. संपूर्ण लढतीत त्याला एकही डाव जिंकता आला नाही आणि किताब गेला.

ही तिन्ही ओपनिंग चालली, कारण धक्का ओसरल्यावरही पटावरची स्थिती खेळण्याजोगी राहिली. पहिल्याच चालीला जी४ खेळूनही प्रतिस्पर्धी दचकतो, पण त्यात पांढऱ्याच्या राजाची बाजू कायमची कमकुवत होते. शिवाय हल्ली डावांची नोंद सर्वांना सहज मिळते. दुसऱ्यांदा तेच खेळले, तर समोरचा तयारीनिशी बसलेला असतो.

त्यामुळे क्लब किंवा शालेय स्पर्धेत खेळणाऱ्यांनी असे एखादेच ओपनिंग निवडावे आणि सरावाच्या डावांत ते पुरते घोटून घ्यावे. प्रतिस्पर्ध्याची सर्वोत्तम उत्तरे इंजिनावर तपासावीत, प्रत्येक मोहऱ्याची जागा आणि तिचे कारण समजून घ्यावे. मगच महत्त्वाच्या फेरीत ते पटावर आणावे.