मला, माळा की मळा?

समजा, तुम्ही चिंचवडला राहता आणि तुमचे आजोबा चाकणजवळच्या गावात. एका संध्याकाळी मोबाईलवर त्यांचा निरोप येतो. भाषा मराठी, पण अक्षरं इंग्रजी! पहिला शब्द आहे एम्, ए, एल्, ए. पुढे लिहिलंय, 'पाहायला ये.' आता सांगा, आजोबा कांद्याचा मळा पाहायला बोलावताहेत, की घराचा नवा माळा? की 'मला पाहायला ये' म्हणताहेत? म्हणजे ते आजारी तर नाहीत ना? अक्षरं चारच, पण घरभर काळजी!

असं का झालं? इंग्रजीत 'ळ' आणि 'ण' यांना वेगळी अक्षरंच नाहीत. काना आहे की नाही, तेही कळत नाही. मग 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, हा फरक तरी कुठून कळणार?

मग लोक असं का लिहू लागले? त्यामागे एक गणित आहे, बरं का! पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण इंजिनिअरने पाठवला. एका एसएमएसमध्ये १,१२० बिट माहिती मावते. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात. करा भागाकार! १६० अक्षरं. देवनागरीच्या एका चिन्हाला मात्र १६ बिट लागतात, म्हणून चिन्हं फक्त ७०. त्यात काना-मात्राही वेगळे मोजतात. 'मळा' लिहिला की तीन चिन्हं खर्च! जागा वाचवायला मग इंग्रजी अक्षरं आली आणि शब्दही छाटले गेले.

शब्द छाटले की भाषा बिघडते, असं मोठी माणसं म्हणतात. पण पूर्वीच्या पत्रांची सुरुवात आठवा. 'सा. न. वि. वि.' म्हणजे 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष'. 'चि.' म्हणजे चिरंजीव. हीसुद्धा काटछाटच की! फरक एवढाच, की लिहिणाऱ्याला पूर्ण शब्द ठाऊक असायचा.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री विद्यापीठातल्या संशोधकांनी १० ते १२ वर्षांच्या ८८ मुलांचा अभ्यास केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. निरोपात छाटलेले शब्द जास्त वापरणारी मुलं वाचनात मागे नव्हती, उलट पुढेच होती! अर्थात, एसएमएसमुळेच ती हुशार झाली, असं काही यावरून ठरत नाही. शिवाय ती मुलं इंग्रजी इंग्रजीतच लिहीत होती. आपण मराठी लिहिताना आपली अक्षरंच सोडून देतो, ही गोष्ट वेगळी.

आता फोनमध्ये मराठी कळफलक आहे आणि इंटरनेटवरच्या निरोपाला ७० चिन्हांची अटही नाही. तेव्हा आज एक करा. आजोबांना चार ओळी मराठीत पाठवा. 'ळ' शोधायला थोडा वेळ लागेल, लागू दे. अडलं तर आई-बाबांना विचारा. कदाचित त्यांनाही तो शोधावाच लागेल!

आणि हो, आधी आजोबांना फोन करा. मळाच होता ना?