इंग्रजीच्या तासातील आदराची भाषा

महाराष्ट्रातील मराठी शाळांतून २००० साली इयत्ता पहिलीपासून इंग्रजीचा अभ्यास सुरू झाला. तेव्हापासून प्राथमिक वर्गातही गुरु-शिष्यांचे थोडेफार संभाषण इंग्रजीतून होऊ लागले. या संभाषणात उभयपक्षी आदर कसा राखावा, याचा विचार शिक्षकबंधुभगिनींनी अवश्य करावा.

मराठीत आदर क्रियापदाच्या रूपातूनच प्रकट होतो. ‘खडू दे’ आणि ‘खडू द्या’ यांतील भेद लहान मूलही जाणते. इंग्रजीत मात्र दोहोंसाठी ‘गिव्ह’ हे एकच रूप आहे. तेथे ‘प्लीज’, ‘मे आय’ अशा शब्दांनी विनय दाखवावा लागतो. म्हणून ‘गिव्ह मी चॉक’ म्हणणारा विद्यार्थी उद्धट समजू नये. त्याच्या मनातील ‘द्या’ भाषांतरात गळून पडलेला असतो. गुरुजींस ‘यू’ म्हणणाऱ्या मुलाचेही तसेच. तो शब्द मुळात अनेकवचनी व आदरार्थी होय. एकेरी ‘दाऊ’ नित्य व्यवहारातून लोपल्यावर तो लहानथोर सर्वांस लागू झाला.

याउलट एखादे मूल ‘माय फादर आर कमिंग’ असे म्हणते. व्याकरणदृष्ट्या हे चूक खरे. परंतु त्या चुकीचे मूळ ‘बाबा येत आहेत’ या आदरार्थी बहुवचनात असते. तिला हसणे म्हणजे मुलाच्या विनयासच हसणे होय. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांत मराठीच्या शेजारी गुजराती व हिंदीही नांदतात. त्या भाषांतही वडीलधाऱ्यांसाठी बहुवचनच योजतात. त्यामुळे हे कारण खेड्यातील वर्गाइतकेच तेथेही लागू पडते.

यास्तव मुलाचे वाक्य आधी पुरे होऊ द्यावे. मग ‘युवर फादर इज कमिंग? गुड!’ असे शुद्ध रूप उत्तरातच सहज ऐकवावे. इतर मुलांस हसू देऊ नये. शिक्षकाची चूक मुलाच्या ध्यानी आल्यास ‘एक्स्क्यूज मी, सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणून ती दाखविण्याची त्यास मोकळीक असावी, आणि शंका आल्यास सर्वांसमक्ष शब्दकोश उघडावा. त्यात शिक्षकाची प्रतिष्ठा उणावत नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई केली आहे. परंतु कायद्याहून मोठे कारण असे की, ज्याचा एकदा भरवर्गात उपहास झाला, ते मूल पुन्हा तोंड उघडण्यास धजत नाही. आणि बोलल्यावाचून कोणतीही भाषा बोलता येत नाही.