मोटर जळण्याआधी तिची नाडी पाहा



ऊस ऐन भरात असतो, पाण्याची पाळी आलेली असते आणि नेमकी तेव्हाच मोटर जळते. मग मोटर काढा, रिवाइंडिंगला टाका, चार-आठ दिवस वाट पाहा. तोवर पीक माना टाकते. ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे वीजबिल राज्य शासनाने २०२४ पासून माफ केले आहे. पण जळालेल्या मोटरीचा खर्च कोणी माफ करीत नाही.

पलूस तालुक्यात कृष्णाकाठच्या एका शेतकऱ्याने मला बोलावून सांगितले, "साहेब, एका हंगामात दोनदा मोटर जळाली. मोटरच खराब निघाली बघा." मी म्हटले, "दादा, आधी आकडे पाहू, मग मोटरीला दोष देऊ."

आकडे समजायला फार शिक्षण लागत नाही. पाइपातल्या पाण्याला दाब असतो, तसे विजेचे व्होल्ट. किती पाणी वाहते, तसे अँपिअर. पाइप लांब आणि बारीक असला की पाण्याला अडथळा होतो, तसा तारेचा रोध. तो ओहममध्ये मोजतात. जर्मनीतील गेऑर्ग ओहम या शिक्षकाने १८२७ साली हा नियम मांडला. व्होल्टला अँपिअरने भागले की रोध मिळतो. व्होल्ट आणि अँपिअर गुणले की वॅट, म्हणजे शक्ती मिळते. ७४६ वॅटची एक अश्वशक्ती.

त्यांची मुलगी नववीत आहे. विज्ञानाच्या पुस्तकात हा धडा असल्याने तिने घरातल्या पाणी तापवायच्या रॉडचा हिशेब लगेच केला. रॉड १,००० वॅटचा. २३० व्होल्टला तो ४.३५ अँपिअर घेतो, म्हणजे रोध सुमारे ५३ ओहम. व्होल्टेज १८० वर आले, तर प्रवाह ३.४ अँपिअर आणि शक्ती जेमतेम ६१२ वॅट. "म्हणून संध्याकाळी पाणी लवकर तापत नाही होय!" तिची आई म्हणाली.

व्होल्टेज पडले तर रॉड मंदावतो, पण जळत नाही. मोटरीचे मात्र उलटे आहे. तिला तेवढेच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचे असते. दाब कमी झाला की ती प्रवाह जास्त ओढते आणि तापते.

मग आम्ही वायरमनला घेऊन मळ्यात गेलो. ५ अश्वशक्तीच्या मोटरीच्या पाटीवर ४१५ व्होल्ट, ७.५ अँपिअर असे लिहिले होते. पंप चालू असताना वायरमनने मोजले. मीटरच्या पेटीत ३९० व्होल्ट, नदीकाठी मोटरीपाशी ३६३ आणि टाँगटेस्टरवर ८.६ अँपिअर. पेटीपासून मोटरीपर्यंत ३०० मीटर अंतर आणि केबल ४ चौरस मिलिमीटरची, ॲल्युमिनियमची.

थ्री फेज मोटरीचे वॅट काढताना व्होल्ट आणि अँपिअरच्या गुणाकाराला १.७३२ ने आणि पॉवर फॅक्टरने गुणावे लागते. पॉवर फॅक्टर ०.८५ धरला, तर ३६३ × ८.६ × १.७३२ × ०.८५ म्हणजे सुमारे ४,६०० वॅट. पाटीवरच्या आकड्यांनीही जवळपास तेवढेच येतात. म्हणजे काम तेवढेच, पण त्यासाठी प्रवाह १.१ अँपिअर जास्त. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून वेटोळ्यातली उष्णता सुमारे तीस टक्के अधिक.

आता केबल. वाटेत २७ व्होल्ट गेले. त्याला ८.६ × १.७३२ × ०.८५ ने भागले, तर एका तारेचा रोध सुमारे २.१ ओहम. तीन तारांत मिळून साडेचारशे वॅटच्या वर शक्ती नुसती केबल तापवण्यात जात होती. अर्ध्या अश्वशक्तीहून अधिक! दोष मोटरीचा नव्हता.

आणखी एक गोष्ट दिसली. ओव्हरलोड रिले सारखा पडतो म्हणून त्याचे सेटिंग कोणीतरी वाढवून ठेवले होते. राखणदारच झोपवला, मग घर राहील कसे?

कऱ्हाड-वाळव्याकडे नदी लांब, माण-खटाव-आटपाडीकडे पाणी खोल. केबल सगळीकडेच लांब लागते. तेव्हा एवढे करा.

१. मोटरीच्या पाटीवरचे व्होल्ट व अँपिअर स्टार्टरच्या पेटीवर रंगाने लिहून ठेवा आणि रोज ताडून पाहा.

२. केबल घेताना अंतर सांगून जाडी ठरवा. वरच्या मळ्यात १० चौरस मिलिमीटरची केबल टाकल्यावर वाटेत जेमतेम दहा व्होल्ट जाऊ लागले.

३. रिले पाटीवरच्या अँपिअरवरच ठेवा. फ्यूजच्या जागी जाड तार घालू नका.

४. ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. लाईट आली की सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या, तर डीपीवर ताण येतो आणि सर्वांचेच व्होल्टेज पडते.

५. चालू मोटरीचे व्होल्ट अँपिअरने भागून वेटोळ्याचा रोध काढू नका. तो हिशेब रॉडला चालतो, मोटरीला नाही.

६. मोजमाप वायरमनकडूनच करून घ्या. ओल्या हाताने, अनवाणी पेटी उघडू नका आणि अर्थिंग चांगले ठेवा.

त्या मळ्यातली मोटर पुढचा सारा हंगाम चालली. पेटीवरचे आकडे आता नववीतली ती मुलगीच रोज वहीत टिपून ठेवते.